एम.एस्सी. करून एमबीबीएस?

जव्हार-मोखाड्यात बी.एस्सी. झालेली मुलं विचारतात, एम.एस्सी. केलं तर एमबीबीएसला वजन पडेल का? अमेरिकेत अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा उपयोग होतो. आपल्याकडे नाही. इथे गुणवत्ता यादी लागते ती ‘नीट’च्या ७२० गुणांवर, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. एम.एस्सी.ची दोन वर्षं त्यात कुठेच धरली जात नाहीत. मात्र ‘नीट’ला कमाल वयाची अट नाही, पदवीनंतरही बसता येतं.

वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर मुलांसाठी राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत; बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० ऐवजी ४० टक्के पुरतात. खरी धावपळ असते जात वैधता प्रमाणपत्राची. आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी आधीच शोधून ठेवा. निकालानंतर धावाधाव करून ते जमणं कठीण.