‘साहेब व्हीसीत आहेत!’ म्हणजे नेमकं कशात?

दाखल्यासाठी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात गेला असाल, तर हे वाक्य ऐकलंच असेल. आपल्याला दिसतो बंद दरवाजा, फार तर आतला मोठा स्क्रीन. पण मोठ्या हॉलमधली व्हीसी चालते ती कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर. त्याचं नाव रॅक.

रॅकमध्ये बसणाऱ्या यंत्रांची रुंदी जगभर ठरलेली, १९ इंच. उंची ‘यू’त मोजतात, १ यू म्हणजे पावणेदोन इंच. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, यंत्र स्क्रूने फिट्ट बसतं.

यातला हिरो म्हणजे कोडेक. फुल एचडी चित्र आहे तसं पाठवायचं, तर सेकंदाला साधारण दीड अब्ज बिट लागतील. एवढं नेट आणायचं कुठून? मग कोडेक शक्कल लढवतो. साहेबांचे ओठ हलतात, मागची भिंत हलत नाही. म्हणून भिंत पुन्हा पुन्हा पाठवायचीच नाही! असं करत सगळं काम दोन-चार मेगाबिटांत भागतं.

दुसरा डीएसपी, म्हणजे आवाजाचा कारभारी. समोरच्याचा आवाज स्पीकरमधून येतो, तोच आपला माईक पुन्हा पकडतो आणि घुमायला लागतो. डीएसपी तो वेगळा काढून टाकतो. शिवाय कॅमेरा-माईक जोडणारा नेटवर्क स्विच, वीज वाटणारी पट्टी, गरम हवा बाहेर फेकणारे पंखे असतात. यूपीएस सगळ्यात जड, म्हणून तळाला.

एवढा खटाटोप कशाला? आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याहून नगरला यायचं तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ता. एका बैठकीत अख्खा दिवस जातो.

आणि प्रश्न फक्त बैठकांचा नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हीसीवर घेता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी महाराष्ट्रातल्याच डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही या वाटेला जागा दिली आहे.

चित्र दोन सेकंद अडकलं तर चालून जातं. पण साक्षीदार ‘साठ’ म्हणाला आणि कोर्टाला ‘आठ’ ऐकू आलं तर? म्हणूनच स्क्रीन किती इंची हे विचारण्याआधी माईक कसा आहे, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, पंख्यातली धूळ कधी काढली, हे विचारायला हवं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणाऱ्यांनो, हे बघणारा माणूस प्रत्येक रॅकला लागतोच!