शब्द लिहा, शिडी हजर!

झाडाच्या शेंड्यावर तारा अडकला आहे. तो कसा मिळवाल? 'फिफ्थ सेल' या अमेरिकी कंपनीने 'निन्टेन्डो डीएस' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २००९ साली काढलेल्या 'स्क्रिबलनॉट्स' या खेळात अशी कोडी असतात. शिडीसाठीचा इंग्रजी शब्द लिहिला की पडद्यावर शिडी येते. कुऱ्हाड मागितली तर झाडच तोडता येते.

हे घडते कसे? खेळात वीस हजारांहून अधिक शब्द साठवलेले आहेत. प्रत्येक शब्दाला चित्राबरोबर गुणधर्म जोडलेले असतात: वजन किती, धार आहे का, पेटते का, तरंगते का. त्यामुळे प्रत्येक प्रसंग वेगळा लिहून ठेवावा लागत नाही. गुणधर्मांच्या मेळातून परिणाम ठरतो. पण यादीत नसलेली वस्तू यंत्राला ठाऊकच नसते, आणि मराठी तर त्यात नाहीच.

आपण हा खेळ यंत्राविना खेळू शकतो. नांदेड-लातूरकडच्या वर्गात विचारून पाहा: विहिरीत पडलेली बादली कशी काढाल? कोणी म्हणेल गळ, कोणी कासरा, कोणी लोहचुंबक. प्रत्येक शब्दाला पुढचा प्रश्न जोडू: यातल्या कोणत्या गुणामुळे काम झाले? गळाला आकडे असतात, कासरा ताण सोसतो. आणि बादली प्लास्टिकची असेल तर चुंबकाचे काय?

'कासरा' पाठ्यपुस्तकात नाही म्हणून तो खोडला, तर आपणही त्या यंत्रासारखेच वागलो. मुलाने घरून आणलेल्या शब्दात निरीक्षण साठलेले असते. विज्ञानाची सुरुवात तिथूनच करू या.