नितळ पाण्यातील विष

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की घागरीत तुरटी फिरविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. काही वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते. परंतु जे पाणी मुळातच नितळ आहे, ज्याला रंग, वास वा निराळी चव नाही, आणि तरीही ज्यात विष आहे, त्याचे काय करावयाचे? पश्चिम बंगाल व बांगलादेश येथील लक्षावधी कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहिला. ते विष म्हणजे आर्सेनिक. आपले जुने वैद्य ज्याला सोमल म्हणत, ते याच मूलद्रव्याचे एक संयुग होय.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळाने बंगालची भूमी घडली आहे. या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचे पातळ कवच असते व त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. भूगर्भातील ज्या थरांत प्राणवायू उरलेला नाही, तेथे कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे हा गंज विरघळतो आणि त्याने धरून ठेवलेले आर्सेनिक पाण्यात उतरते.

पूर्वी तेथील खेडुत तळ्यांचे पाणी पीत. त्या पाण्याने पटकी व अतिसार पसरत आणि कित्येक मुले दगावत. म्हणून १९७० नंतरच्या काळात बांगलादेशात सरकारने व युनिसेफने गावोगावी कूपनलिका खोदविल्या. हेतू उत्तमच होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे की काय, हे तपासण्याचे कोणाच्या मनात आले नाही. १९८३ च्या सुमारास कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालमधील रोग्यांत या विषबाधेची लक्षणे आढळली. बांगलादेशातील पाण्यात हे विष असल्याचे १९९३ साली कळून आले. छातीवर व पाठीवर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात, आणि वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेल्यास कर्करोगही जडतो. अज्ञानामुळे लोक या रोग्यांना कुष्ठरोगी समजून दूर ठेवीत. मुलींची लग्ने मोडत. रोगाहूनही हे दुःख मोठे म्हणावे लागेल.

पाणी उकळले तर जंतू मरतात, आर्सेनिक मात्र जात नाही. उलट, वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण वाढते. फडक्यातूनही ते सहज गळून जाते, कारण ते साखरेप्रमाणे विरघळलेले असते. मग उपाय कोणता? भूगर्भात जे घडले, त्याच्या उलट क्रिया भांड्यात घडवून आणणे. पाण्यात फेरिक क्लोराइडसारखा लोखंडाचा क्षार घातला की गंजासारखे तांबूस, कापसाच्या पिंजेप्रमाणे हलके पुंजके तयार होतात. आर्सेनिक त्यांना चिकटते, पुंजके तळाशी बसतात, आणि उरलेले वाळूच्या थरात अडकतात. तुरटीनेही असेच पांढरे पुंजके बनतात. परंतु पाणी किंचितही अल्कधर्मी असले की तिचा प्रभाव उणा पडतो. या कामी लोखंडच अधिक भरवशाचे.

येथे एक अडचण आहे. पाण्यातील आर्सेनिक दोन रूपांत आढळते. एका रूपावर ऋण विद्युद्भार असतो; ते पुंजक्यांना चटकन चिकटते. दुसऱ्यावर असा भार नसतो, त्यामुळे ते बरेचसे निसटते. आणि खोल जमिनीतील पाण्यात बहुधा हेच अधिक असते! म्हणून क्षार घालण्यापूर्वी, किंवा त्याबरोबरच, ब्लीचिंग पावडर अथवा विहिरीत टाकतात ते जांभळे पोटॅशियम परमँगनेट घालून दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करावे लागते.

बांगलादेशात या तत्त्वावर दोन बादल्यांची एक साधी पद्धत योजण्यात आली. वरच्या बादलीत लिटरमागे २०० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट व २ मिलिग्रॅम परमँगनेट घालून पाणी नीट ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा, आणि मग ते खालच्या बादलीतील वाळूतून गाळून घ्यावयाचे. पद्धत सोपी खरी. पण ढवळण्यात वा मापात कसूर झाली की विष मागे उरे, आणि पाणी तर आधी जसे नितळ तसेच नंतरही! केवळ पाहून काय कळणार? शिवाय काही पाण्यांतील फॉस्फेट व सिलिकेट हीही पुंजक्यांवर जागा अडवितात, तेव्हा एका गावचे माप दुसऱ्या गावी लागू पडेलच असे नाही. तळाशी बसलेल्या गाळात सारे विष साठलेले असल्याने तो तळ्यात वा परसात फेकून चालत नाही, हे निराळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ठरविलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे; म्हणजे एक लक्ष लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम. बांगलादेशाने ती ५० मायक्रोग्रॅम धरली. तेथे लक्षावधी कूपनलिका तपासून, या मर्यादेपलीकडच्या नळांना तांबडा व अलीकडच्यांना हिरवा रंग देण्यात आला. अंगणातला तांबडा नळ सोडून स्त्रिया शेजारच्या हिरव्या नळावरून पाणी भरून आणू लागल्या. तांबड्या नळाचे पाणी भांडी घासण्यास व धुण्यास चालते.