मुलांचे संग्रहालय : एका दिवसाची सहल

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे उभी राहतात आणि कानांवर एक वाक्य येते, "हात लावू नकोस!" जुन्या मूर्ती, नाणी, चित्रे यांच्या बाबतीत ते रास्तच आहे. फुटलेले जुने भांडे पुन्हा घडवता येत नाही. पण सात-आठ वर्षांच्या पोराचे काय? त्याला अर्धे डोळ्यांनी कळते आणि अर्धे हातांनी. वासराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय त्याला वासरू कळत नाही. अशा मुलाला काचेपुढे उभे करून काय साधणार? मुलांसाठी संग्रहालय वेगळे हवे, ही कल्पना या अडचणीतूनच पुढे आली.

जगातले असे पहिले संग्रहालय १८९९ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात उघडले. अॅना गॅलप नावाच्या बाई १९०२ साली तेथे रुजू झाल्या आणि १९३७ सालापर्यंत त्यांनी ते काम वाढवले. मुलाने वस्तू हाताळावी, प्रश्न विचारावा आणि ही जागा आपली आहे असे त्याला वाटावे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. आज साधे वाटते. पण मुलांनी मुकाट ऐकावे अशी समजूत असलेल्या त्या काळात ते धाडसच होते.

अशी ठिकाणे पाहायला आपल्याला सातासमुद्रापार जायला नको. मुंबईला वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्र आहे. तेथील मुलांचे विज्ञान उद्यान १९७९ साली सुरू झाले आणि १९८५ साली पूर्ण केंद्र उघडले. जुनी माणसे ज्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात, त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातही २०१९ साली खास मुलांचे संग्रहालय निघाले. तेथल्या पहिल्या प्रदर्शनातील वस्तू निवडण्याच्या कामात मुलांनाच घेतले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हाताने कळते म्हणजे काय, याचे एक उदाहरण पाहू. विज्ञान उद्यानांतून पुष्कळदा दोराने टांगलेली खुर्ची असते. दोराचे एक टोक खुर्चीला, दोर वरच्या कप्पीवरून आलेला आणि दुसरे टोक खुर्चीत बसलेल्या मुलाच्या हातात. मूल दोर ओढते आणि स्वतःच वर जाते! खुर्चीसकट भार तीस किलो धरला, तर त्याला सुमारे पंधरा किलोचाच जोर लावावा लागतो. कारण भार दोराच्या दोन पदरांवर वाटला गेला. एक पदर खुर्चीला, दुसरा त्याच्या मुठीत. मात्र एक हात वर जायला दोर दोन हात ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

आता आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा. तेथेही चाक आणि दोर आहेतच, पण काठावर उभे राहून ओढणाऱ्या बाईला पोहऱ्याचा सगळा भार ओढावा लागतो. चाकामुळे ओढण्याची दिशा बदलते आणि दोर काठावर घासत नाही, इतकेच. हा फरक फळ्यावर आकृती काढून सांगितला तर मुले पाठ करतात. खुर्चीत बसून अनुभवला तर कळतो. महाविद्यालयात माझ्यापुढे अशी मुले बसतात, की ज्यांना सूत्र तोंडपाठ आहे पण घरच्या रहाटाचे चाक काय काम करते ते सांगता येत नाही. त्यांची बुद्धी कमी नसते हो. त्यांच्या हातांना कुणी शाळेत घेतलेले नसते.

तेव्हा सहलीला निघताना काय ध्यानात ठेवावे? खेड्यातल्या कुटुंबाला असा दिवस स्वस्त पडत नाही. गाडीभाडे जाते, एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून 'आलोच आहोत तर सगळे पाहून घेऊ' असे वाटणे साहजिक आहे. पण तेथेच दिवस वाया जातो. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच संग्रहालयात येणाऱ्या थकव्याविषयी लिहिले होते. वाकून, मान वळवून पाहताना थोर माणूसही शिणतो, मग पोरांचे काय? सगळे पाहू नका. दोन-तीन दालने निवडा. मध्ये बसा, पाणी प्या, शिदोरी सोडा. पाटीवरची माहिती मोठ्याने वाचून दाखवण्याची घाई करू नका. "काय रे बाळ, हे कशासाठी असेल?" एवढेच विचारा आणि थांबा. त्याचे उत्तर चुकले तरी चालेल. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, याची मात्र आधी चौकशी करावी.

ज्यांना मुंबई दूर पडते, त्यांच्याकडे संग्रहालय चालतही येऊ शकते. मुंबईच्या याच वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले. एका मोठ्या बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांपर्यंत आणि गावोगाव नेण्याचा हा उपक्रम आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आणखी एक वाट तुमच्या हातात आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले असेल, तर तेथे काय मांडले आहे ते आठवा. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी! दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला. पुष्कळशा वस्तू आपल्या माळ्यावर पडून असतात तशाच. कुणी भंगारात घालतो, कुणी जपतो.

मग शाळेच्या एका कोपऱ्यात फळी मांडा. मुलांना घरून जुने माप, पाभरीचे चाडे, जात्याचा खुंटा, तुटका कंदील आणायला सांगा. प्रत्येक वस्तूपाशी मुलाने स्वतः चार ओळी लिहाव्यात : नाव काय, कोण वापरी, कशी वापरी आणि वापर का थांबला. पुस्तकात उत्तर सापडणार नाही. त्याला आजीलाच विचारावे लागेल. एखाद्या दिवशी त्या आजीलाच शाळेत बोलवा. आपल्या घरातली वस्तू आणि आपल्या घरातले माणूस शिकण्याजोगे आहे, हे मुलाला उमगले, तर ते पुढे मुंबईच्या संग्रहालयाची पायरी बिचकत चढणार नाही. आणि त्या फळीवर पाटी लावायचीच असेल, तर एवढीच लावा : "हात लावून पाहा."