उन्हाळ्याची सुटी आणि माध्यमिक विद्यार्थ्याची बोली

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी उन्हाळ्याची सुटी कशी घालवतात, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. वाचन किती झाले, पोहणे आले की नाही, वेळ वाया गेला की सत्कारणी लागला, ह्या अंगांनी त्याची चर्चा होते. भाषेच्या अभ्यासकाला ह्याच प्रश्नात निराळी गोष्ट दिसते. वर्षाचे दहा-साडेदहा महिने विद्यार्थी एका भाषिक वातावरणात असतो. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंतचे पाच-सहा आठवडे (विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात) तो पुष्कळदा दुसऱ्याच वातावरणात जाऊन राहतो. हे स्थलांतर अल्पकाळाचे खरे, परंतु ते दरवर्षी आणि नेमक्या वाढत्या वयात घडते. बोली एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याच्या क्रियेत त्याचे स्थान काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे. आणि तोही एका मर्यादित क्षेत्रापुरता. मुंबईत व तिच्या उपनगरांत शिकणारे, परंतु ज्यांचे मूळ घर कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी ह्या भागात आहे, असे विद्यार्थी ह्या लेखाचा विषय होत.

ह्या वर्गाच्या बाबतीत सुटीची दिशाच पालटलेली आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कमावता पुरुष मुंबईत खाणावळीत जेवे आणि त्याचे कुटुंब बहुधा गावीच राही. मुलगा गावच्या शाळेत शिके. त्यास बोली शिकण्यासाठी कोठे जावे लागत नसे. पुढे कुटुंबे मुंबईत स्थिरावली, १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे रूप बदलले, वस्ती उपनगरांकडे सरकली. चाकरमान्याचा मुलगा आता मुंबईतच जन्मतो आणि गावी ‘जातो’. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून हे जाणे सुलभ झाले आहे. जे पूर्वी घरात बारा महिने आपोआप घडे, ते आता सुटीवर अवलंबून राहिले.

गावी तो काय करतो? वर्णनासाठी त्याचा दिवस निरुपयोगी वाटावा असा असतो. भाषेच्या दृष्टीने मात्र तो भरगच्च असतो. सकाळी पेज, मग आंबे उतरवणाऱ्यांच्या मागे झेला घेऊन हिंडणे, उतरवलेले फळ आढीत लावणे, फणस फोडणे, सोलांसाठी रतांबे फोडून वाळत घालणे, दुपारी विहिरीवर. मेच्या अखेरीस आगोटीची धांदल सुरू होते: लाकूडफाटा आत घेणे, कौले चाळणे, पावसाळ्याची बेगमी. ह्या प्रत्येक कामाला आपले शब्द आहेत, आणि ते शब्द कामाबरोबरच हाती येतात. आढी म्हणजे काय, हे शब्दकोशातून कळते. गवताची ऊब हाताला लागल्यावर ते विसरत नाही. आंब्याची कोय जिला देशावर म्हणतात, तिला बाठा म्हणावयास मुंबईच्या मुलाला एक दुपार पुरते.

शब्द असे लवकर येतात. व्याकरण मागे राहते. जे. के. चेंबर्स ह्या भाषाशास्त्रज्ञाने कॅनडातून दक्षिण इंग्लंडमध्ये राहावयास गेलेल्या सहा मुलांच्या बोलीचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या ठिकाणचे शब्द उच्चारापेक्षा अधिक वेगाने स्वीकारले जातात, असे त्यात दिसून आले. मालवणीच्या संदर्भात ह्याची कसोटी घेण्याजोगी एक जागा आहे, आणि ती फार उद्बोधक आहे. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो व स्त्री ‘मी जाते’. मालवणीत दोघेही ‘मी जातंय’ म्हणतात. ‘तो जाता’ आणि ‘ती जाता’ ह्यांतही लिंगभेद नाही. भूतकाळात मात्र लिंगभेद आहे, आणि तेथेच मुंबईचा विद्यार्थी अडखळतो. मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारान्त असते: ‘आंबो पडलो’, ‘तो गेलो’. आकारान्त रूप तेथे नपुंसकलिंगाचे: ‘झाड पडला’, ‘काय झाला?’ प्रमाण मराठीच्या सवयीने विद्यार्थी ‘मामा गेला’ म्हणतो, तेव्हा गावच्या कानाला मामा नपुंसकलिंगी झालेला असतो. पोरे हसतात. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ हे त्याने केव्हाच उचललेले असते. ‘माका आंबो खावक व्हयो’ हे सबंध वाक्य चुकल्याशिवाय उभे करणे ही पुढची पायरी होय. ह्या रूपांचे वर्णन डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या कुडाळीवरील ग्रंथात (१९६५) सापडते. ही बोली मराठीची की कोंकणीची, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. विद्यार्थ्याला तो पडत नाही.

त्याला पडणारा प्रश्न निराळा असतो: ही बोली आपण बोलावी काय? मुंबईत वाढलेल्या मुलाने मालवणी प्रथम बहुधा हशाची भाषा म्हणून ऐकलेली असते. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला मोठा प्रेक्षक व मान मिळवून दिला हे निर्विवाद, पण त्याबरोबर ती विनोदाशी घट्ट बांधली गेली, हेही नाकारता येत नाही. मग विद्यार्थी मालवणी ‘करून दाखवतो’, बोलत नाही. दुसऱ्या बाजूने, मुंबईचा नातू आला की आजी स्वतःच ‘शुद्ध’ बोलू पाहते. नातवाला समजावे हा तिचा हेतू असतो. परिणाम असा की, ज्या घरी बोली ऐकावयास तो आला त्याच घरात ती त्याच्यासमोर आवरती घेतली जाते. बोलीचा खरा व्यवहार चुलत-मामेभावंडांच्या घोळक्यात, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड चालतो. अभ्यासकाने तेथे कान द्यावा.

विद्यार्थ्याची मनोवृत्ती उच्चारापर्यंत कशी पोहोचते, ह्याचे उत्तम उदाहरण एका सुटीच्याच ठिकाणाहून मिळाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावर सुमारे सहा हजार कायम रहिवासी होते, आणि उन्हाळ्यात चाळीस हजारांहून अधिक पाहुणे तेथे उतरत. विल्यम लबॉव्हने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, काही संयुक्त स्वरांचा स्थानिक उच्चार बेटाशी आपले नाते मानणाऱ्या लोकांत अधिक आढळतो. त्यात पंधरा वर्षांच्या चार शाळकरी मुलांची तुलना आहे. बेट सोडून जाऊ इच्छिणाऱ्या दोघांत तो उच्चार जवळजवळ नव्हता. शिकून परत येऊ इच्छिणाऱ्या दोघांत तो ठळक होता. वय एक, बेट एक. फरक होता तो पुढे कोठे राहावयाचे ह्या विचाराचा. मुंबईच्या विद्यार्थ्याची स्थिती ह्याहून वेगळी आहे, कारण तो पाहुणाही आहे आणि घरचाही. स्वतःस तो कोण समजतो, हे विचारल्यावाचून त्याच्या ‘गेला’ आणि ‘गेलो’ ह्यांचा उलगडा होणार नाही.

आता अडचण अशी की, ही सुटीच आक्रसत चालली आहे. नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीचे शिकवणीवर्ग सुरू होतात, आणि अनेक घरांत ती सुटी गावाला मुकते. सलग घालवलेली शेवटची सुटी मग आठवीनंतरची ठरते; तेव्हा विद्यार्थी तेरा-चौदा वर्षांचा असतो. शब्द हाती आले, पण वाक्य अजून उभे राहिले नाही, अशा टप्प्यावर साखळी तुटते. अशी माणसे पुढे बोली समजतात आणि उत्तर प्रमाण मराठीत देतात. त्यांच्या मुलांना ती समजण्याचेही कारण उरत नाही. छंदवर्ग व शिबिरे ह्यांना दोष देण्यात अर्थ नाही; दहावीच्या गुणांचे महत्त्व पालकांनी शोधून काढलेले नाही.

ह्यात एक फट मात्र राहिलेली आहे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पुढील प्रवेश जूननंतर होतात. शालेय आयुष्यातील हा सर्वांत लांब मोकळा काळ होय, आणि पुष्कळ विद्यार्थी तो अजूनही गावी काढतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी ह्याहून सोयीचा काळ मिळणे कठीण. एकाच विद्यार्थ्याचे बोलणे तो गावी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि निघण्यापूर्वी, असे दोनदा ध्वनिमुद्रित करावे. ‘हे मालवणीत सांग’ असे विचारू नये, कारण लगेच नाटक सुरू होते. आंबे उतरवताना, पत्ते खेळताना चाललेले संभाषण घ्यावे. आजीशी, गावच्या भावंडांशी आणि मुंबईहून आलेल्या दुसऱ्या पाहुण्यादेखत तो कसा बोलतो, ह्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. गावच्या मुलांचे बोलणेही टिपावे. मुंबईची रूपे तेही उचलत असतात, आणि ही देवाणघेवाण एकतर्फी मानणे चूक ठरेल. शेवटची बैठक मिरगाआधी उरकावी. एकदा पाऊस लागला की घरची माणसे तरव्याच्या मागे लागतात, आणि विद्यार्थी मुंबईच्या गाडीत बसलेला असतो.