शूळ, सूळ, सुळा आणि सुळका

आपल्या टेंभुर्णीच्या (जि. जालना) बाजारात एखादा शेतकरी म्हणतो, ‘माझी कपाशी बघून त्याला पोटशूळ उठलाय.’ या वाक्यात एक शस्त्र दडले आहे, हे तुमच्या ध्यानात आले का? शूल म्हणजे अणकुचीदार भाला. शंकराच्या हातातला त्रिशूल तो तीन टोकांचा.

गंमत अशी, की ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात शूल हा शब्द येतो तो मांस भाजण्याच्या सळईसाठी! पुढे तो भाल्याला लागला, आणि देहदंडाच्या टोकदार खांबालाही. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला, मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला (फल–फळ, तसेच), आणि आपल्याला ‘सूळ’ मिळाला. जिवावर उदार होऊन मिळवायची ती ‘सुळावरची पोळी’. वैद्यांच्या तोंडचा ‘श’ मात्र पोटशूळ, मस्तकशूळ यांत टिकून राहिला.

आता टोकाला एवढे महत्त्व का, ते पाहू. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल. समजा, तुम्ही १० किलोग्रॅम भाराइतका जोर लावला. तळहाताचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार येतो. भिंतीला त्याचे काहीच नाही. तोच जोर १ चौरस मिलिमीटरच्या टोकावर एकवटला, तर दाब दहा हजार पट होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट. जोर तोच, माणूस तोच. टोक झिजून २५ चौरस मिलिमीटर झाले, की दाब पंचविसाव्या हिश्शावर येतो. बैल हाकण्याच्या पराणीची आर बोथट झाली, की ती टोचत नाही, ती याचमुळे.

पण पोटशुळात टोक कुठे असते? बहुधा कुठेच नसते! मूतखडा वाट अडवतो, मागे मूत्र तुंबते, नळी ताणली जाते आणि तिथल्या मज्जातंतूंमुळे कळ येते. खुंटी ठोकल्यासारखी वेदना म्हणून ‘शूल’, असा खुलासा सुश्रुतसंहितेत आहे. ही उपमा आहे, कारण नव्हे. शेजाऱ्याच्या पोटशुळाला तर तेवढेही कारण लागत नाही.

माहुलीजवळचा वजीर, जीवधनजवळची वानरलिंगी हे सुळके, तेही आकारामुळेच. कुत्र्याचा सुळा आणि हत्तीचा सुळा यांनाही एकच नाव. मात्र प्राणिशास्त्र विचारते, दात उगवला कुठून? कुत्र्याचे सुळे पटाशीच्या दातांशेजारचे, तर हत्तीचे सुळे म्हणजे वाढलेले पटाशीचेच दात!

घरी एक प्रयोग करा. स्प्रिंगच्या काट्यावर बटाटा ठेवा. बाभळीचा वाळका काटा चिमट्यात धरून आधी बुडाकडून, मग टोकाकडून बटाट्यात दाबा. काटा आत शिरताना वजन किती दाखवले, ते दोन्ही वेळा लिहून ठेवा. मग टोक दगडावर थोडे थोडे घासत जा आणि दर वेळी आकडा कसा बदलतो ते पाहा.