लघु सीएनसी यंत्रासाठी स्पिंडलची निवड : विद्युतदाब व ध्वनी यांचा विचार

प्रास्ताविक

मूलतः छंद म्हणून वापरली जाणारी लघु सीएनसी यंत्रे आता महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही दिसू लागली आहेत. लाकूड, ॲक्रिलिक वा सर्किट बोर्ड कोरणाऱ्या या यंत्राची चौकट, स्टेपर मोटर व नियंत्रक यांची निवड बारकाईने केली जाते; कापणारे हत्यार फिरविणारा स्पिंडल मात्र बहुधा वॅट आणि किंमत एवढे पाहूनच घेतला जातो. परिणामी तो आपल्या वीजपुरवठ्यावर जळण्याचा, अथवा चालला तरी शेजारच्या वर्गातील अध्यापनात व्यत्यय आणण्याचा धोका राहतो. विद्युतदाबाची सुसंगती आणि शांतता हे दोन वेगळे प्रश्न नसून दोहोंचे उत्तर मोटरच्या प्रकारावर अवलंबून आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. आवाजाचे मूळ

सुतारकामातील ट्रिमर राउटर हा स्वस्त व सहज उपलब्ध पर्याय होय. त्यात युनिव्हर्सल मोटर असते. तिचे कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासतात आणि त्याच दांड्यावरील पंखा मिनिटाला २० ते ३० हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. त्यामुळे लाकडाला हत्यार लागण्यापूर्वीच आवाज साधारणतः ८० डेसिबलच्या घरात पोहोचतो.

याउलट थ्री फेज इंडक्शन मोटर असलेल्या स्पिंडलमध्ये ब्रश नसतात. पाण्याने थंड होणाऱ्या प्रकारात पंखाही नसतो. उरतो तो प्रामुख्याने बेअरिंगचा आवाज. हवेने थंड होणारा स्पिंडल या दोहोंच्या मधला ठरतो.

२. विद्युतदाबाची सुसंगती

भारतातील एक फेज पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, तर अमेरिकेतील १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. या यंत्रांविषयीचे बरेच साहित्य अमेरिकेतील असल्याने तेथील मॉडेल क्रमांक जसाच्या तसा मागणीपत्रात उतरण्याचा संभव असतो. युनिव्हर्सल मोटरला वारंवारितेतील हा फरक फारसा बाधत नाही. जवळजवळ दुप्पट दाब मात्र तिला जाळू शकतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, परंतु ७०० वॅटच्या राउटरसाठी सुमारे १ केव्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो व किमतीतील बचत त्यातच संपते.

थ्री फेज स्पिंडलसाठी प्रयोगशाळेत थ्री फेज जोडणी असणे अनिवार्य नाही. व्हीएफडी हे उपकरण एक फेज पुरवठ्यापासून हव्या त्या वारंवारितेचा थ्री फेज पुरवठा निर्माण करते. मात्र व्हीएफडीचा इनपुट व स्पिंडल हे दोन्ही २२०-२३० व्होल्ट वर्गातीलच असावेत. १.५ किलोवॅटच्या संचासाठी ६ अँपिअरचे साधे सॉकेट पुरत नाही. १६ अँपिअरचे सॉकेट व खात्रीचे अर्थिंग आवश्यक आहे.

३. वारंवारितेची मांडणी

दाब जुळला तरी एक धोका उरतो. दोन ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग हा वारंवारितेला १२० ने गुणून ध्रुवसंख्येने भागल्यास मिळतो. म्हणून मिनिटाला २४,००० फेऱ्यांसाठी ४०० हर्ट्झ लागतात. ४०० हर्ट्झला २२० व्होल्ट हे प्रमाण प्रति हर्ट्झ ०.५५ व्होल्ट इतके होते. व्हीएफडी मात्र अनेकदा ५० हर्ट्झच्या सर्वसाधारण मोटरसाठी मांडलेला असतो. ५० हर्ट्झलाच २२० व्होल्ट मिळाल्यास हे प्रमाण ४.४, म्हणजे आठपट होते. गाभा संपृक्त होऊन प्रवाह बेसुमार वाढतो आणि नवा स्पिंडल पहिल्याच दिवशी जळू शकतो. म्हणून मूळ वारंवारिता, कमाल वारंवारिता, दाब व प्रवाहमर्यादा स्पिंडलच्या पट्टीवरून पाहून भरल्याखेरीज तो सुरू करू नये.

४. शांततेच्या मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे आणि शैक्षणिक संस्थांचा परिसर या वर्गात येऊ शकतो. तथापि शांत स्पिंडल घेतला म्हणजे यंत्र निःशब्द झाले, असे नव्हे. डेसिबल ही लघुगणकीय मोजणी असल्याने दोन आवाजांत १० डेसिबलचे अंतर असेल, तर लहान आवाज एकूण पातळीत अर्धा डेसिबलही भर घालत नाही. कापण्याचा वा भुसा ओढणाऱ्या यंत्राचा आवाज मोठा असेल, तर स्पिंडलवरील खर्चाचा लाभ झाकला जातो. बंदिस्त पेटी व भुसा ओढणारे यंत्र खोलीबाहेर ठेवणे, हे उपाय त्यासोबत हवेतच. पाण्याचा पंप सुरू असल्याशिवाय स्पिंडल फिरणार नाही, अशी जोडणीही करावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रयोगशाळेच्या नित्य वापरासाठी २२० व्होल्टचा, पाण्याने थंड होणारा थ्री फेज स्पिंडल व त्यास अनुरूप व्हीएफडी हा पर्याय अधिक योग्य ठरतो. क्वचित वापरासाठी पेटीत बसविलेला २३० व्होल्टचा राउटर पुरेसा आहे. खरेदी समिती किमान दराचे दरपत्रक स्वीकारते, हे ध्यानात घेता मागणीपत्रात केवळ ‘१.५ किलोवॅट स्पिंडल’ असे न लिहिता दाब, फेज, कमाल वारंवारिता, शीतन पद्धती आणि व्हीएफडीचा इनपुट या पाच बाबी नमूद कराव्यात. या पाच बाबींचा उल्लेख असल्यास अयोग्य स्पिंडल केवळ स्वस्त म्हणून निवडला जाणार नाही.